सहा क्लब, एक हॉल आणि एकाच व्हरांड्यात तीन फिल्टर

विलेपार्ले_पूर्व

मंडळी, जरा सल्ला हवाय.

पार्ले ते जोगेश्वरी या पट्ट्यात वेगवेगळ्या झेंड्यांखालचे (रोटरी, लायन्स वगैरे) आम्ही सहा सेवाभावी क्लब आहोत. एकमेकांना ओळखतो ते फक्त पदग्रहणाच्या आमंत्रणपत्रिकांवरून. गेल्या महिन्यात आमचा क्लब एका शाळेत पाण्याचा फिल्टर बसवायला गेला. बाई फार सभ्य. म्हणाल्या, "ठेवा ना, तिकडे व्हरांड्यात." व्हरांड्यात आधीच दोन फिल्टर. एकाची तोटी तुटलेली, तिच्याजागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. दुसऱ्याच्या काचेवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं आणि उद्घाटनाच्या हाराचा नुसता दोरा लोंबत होता. दोन्हींवर पाट्या, 'अमुक क्लबच्या सौजन्याने'. आमचा तिसरा. फोटोग्राफरला सांगावं लागलं, जरा डावीकडून घे, बाकीचे दोन यायला नकोत.

घरी आलो, पण झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही क्लबांच्या सेक्रेटरींना फोन लावला. आता सहाही क्लब एका रविवारी एकत्र बसायचं आणि कोण कुठे काय करतं ते सांगायचं ठरलंय. आयोजन माझ्या गळ्यात. अशा एकत्र बैठकीला कोणी गेलंय का? सत्कारसमारंभ होऊ नये म्हणून काय करावं?

कांदेपोहे

मेन्यू काय आहे? त्यावर उपस्थिती ठरेल, आणि उपस्थितीवर सेवा.

ताडदेवचा_तात्या

गेलोय. एकदा नव्हे, तीनदा. शेवटच्या वेळी पाच क्लब होते. प्रत्येकाचा अध्यक्ष, प्रत्येकाचा सेक्रेटरी, प्रत्येकाचे 'मावळते' आणि 'नियोजित'. मंचावर खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या वर्गातली बाकं आणली. मग परिचय. "आपल्याला ज्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही" असं म्हणून प्रत्येकी सात मिनिटं. पुष्पगुच्छ देणारा कोण, घेणारा कोण, यावरून दोनदा गोंधळ. प्रकल्प सांगायला पहिला माणूस उभा राहिला तेव्हा मागून भांड्यांचा आवाज यायला लागला आणि अर्धा हॉल रिकामा झाला.

माझा सल्ला एका ओळीचा. मंच ठेवूच नका. खुर्च्या गोल मांडा.

अवांतर : रोटरीचं नावच मुळी असं आहे. १९०५ साली शिकागोत चौघं बसले, एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, म्हणून 'रोटरी'. पाहुणा कोण आणि यजमान कोण हा प्रश्नच नव्हता. आणि त्यांचा पहिला सार्वजनिक प्रकल्प काय होता सांगा? १९०७ साली, शिकागोत सार्वजनिक शौचालय. त्यासाठी गावातल्या बाकीच्या संस्थांना सोबत घेतलं. विरोध दारूविक्रेत्यांचा! म्हणे आमच्या गुत्त्यांत पुरुषांची सोय आहेच की.

कांदेपोहे

तात्या, मुंबईत हाच प्रकल्प आज घ्या. विरोध होणार नाही, फक्त पाणी येणार नाही.

मिसळ_कमी_तिखट

मला मूळ कल्पनाच पटत नाही. ब्लेझर घालून, घंटा वाजवून सेवा करणाऱ्यांनी एकत्र यायचं कौतुक काय? आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ २००५ च्या पुरात दोन दिवस खिचडी शिजवत होतं. २६ जुलैच्या रात्री कुणी विचारलं नाही तुमचा क्लब कुठला. एकत्र बसून एकमेकांचे फोटो बघणार आणि टाळ्या वाजवणार. त्यापेक्षा तो हॉलचा खर्च शाळेला द्या.

विलेपार्ले_पूर्व

@मिसळ, हॉल शाळेचाच आहे, फुकट. ब्लेझर माझ्याकडे आहे, कबूल. मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये तो घालणं हीच सेवा.

खडूफळा

मी पालिकेच्या शाळेत शिकवते. म्हणजे मी त्या फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला उभी असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, रागावू नका.

फिल्टर देणाऱ्याला वाटतं की फिल्टर दिला. आमच्या हातात काय येतं? एक यंत्र, ज्याला प्लग पॉइंट हवा आणि तो व्हरांड्यात नसतो. मग इलेक्ट्रिशियनसाठी अर्ज. त्याला नळाचं पाणी दाबाने हवं, आणि वरच्या मजल्यावर दाब नसतो. आत मेंब्रेन म्हणजे पाणी गाळणारा पडदा असतो, ते वर्षा-दोन वर्षांनी बदलायचं. ते कोण बदलणार? शाळेच्या हिशोबात त्यासाठी खर्चाचं शीर्षक नाही. वॉरंटी कार्ड क्लबच्या खजिनदाराकडे, आणि खजिनदार बदललेला. दिलेल्या नंबरवर फोन केला तर म्हणतात, "मॅडम, ती गेल्या वर्षीची कार्यकारिणी होती."

दुसरं, वह्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या पोरांना तीन ठिकाणांहून वह्या मिळाल्या. प्रत्येक वेळी सगळी शाळा मैदानात, ऊन असो की पाऊस. वही छातीशी धरून फोटो. एका मुलाने मला विचारलं, "बाई, आज कोणती वही धरायची?" सप्टेंबरपर्यंत त्या वह्यांची विमानं झालेली असतात. आणि फेब्रुवारीत, जेव्हा खरंच वही संपते, तेव्हा कुणी फिरकत नाही. पेन्सिल, खोडरबर, कंपासपेटी यांचं तर नावच नको.

एकत्र बसणारच असाल तर एखाद्या शिक्षिकेला बोलवा. सत्कार नको. नुसतं बसवा आणि ऐका.

रांगोळी_नको

@खडूफळा ताई, शंभर टक्के.

आणि विलेपार्लेकर, आणखी एक. मी पंधरा वर्षं क्लबात आहे. रोटरीने स्त्रियांना सभासद करून घ्यायला १९८९ साल उजाडलं. आपल्याकडे अजून पूर्ण उजाडलेलं नाही असं कधीकधी वाटतं. संयुक्त बैठक म्हटली की ठराविक वाक्य येतं, "ताई, तुम्ही ते स्वागताचं आणि रांगोळीचं बघा." गेल्या वेळी मी आदिवासी पाड्यावरच्या मुलींच्या पाळीच्या आरोग्याचा प्रकल्प मांडणार होते. माझ्या वाट्याला चार मिनिटं आली. कारण शेजारच्या क्लबच्या अध्यक्षांनी सिंगापूरच्या अधिवेशनाचे फोटो दाखवले. सगळे. विमानतळासकट.

शून्य_ताळेबंद

मी सीए, दोन क्लबांचे हिशोब बघतो. खडूफळा मॅडम म्हणतात त्याचं मूळ एका तारखेत आहे. १ जुलै.

रोटरी असो की लायन्स, वर्ष १ जुलैला सुरू होतं, ३० जूनला संपतं. अध्यक्ष एका वर्षाचा. त्याला आपल्या वर्षात काहीतरी 'नवीन' करायचं असतं. जुन्या अध्यक्षाने दिलेल्या फिल्टरचं मेंब्रेन बदललं तर अहवालात काय लिहिणार? मेंब्रेनवर पाटी लागत नाही. फिल्टरचं आयुष्य दहा वर्षं, अध्यक्षाचं बारा महिने. त्यात पहिला महिना सत्कारांत जातो. १ जुलै हा डॉक्टर्स डे, आणि आमचा सीए डेसुद्धा. दरवर्षी त्या दिवशी मला तीन शाली मिळतात. उकाड्यात.

आणि एकत्र प्रकल्प करायचाच असेल तर आधी हे ठरवा, पावती कोणाच्या ट्रस्टची? देणगीदाराला आयकरात सवलत हवी असते. आता तर ट्रस्टला देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरून त्याला देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तीन क्लबांनी पैसे गोळा केले आणि एकाच्या खात्यात टाकले की उरलेल्या दोघांचे देणगीदार विचारतात, आमचं सर्टिफिकेट कुठंय? भांडणं ध्येयधोरणांवरून होत नाहीत हो, पावतीपुस्तकावरून होतात.

सोपा मार्ग : पैसे एकत्र करू नका, कामं वाटून घ्या. फिल्टर एकाचा, वायरिंग दुसऱ्याचं, तीन वर्षांची देखभाल तिसऱ्याची. ज्याचा खर्च, त्याची पावती.

मिसळ_कमी_तिखट

तिसऱ्याला पाटी मिळणार नाही, म्हणून तिसरा सापडणार नाही. लिहून ठेवा.

ओ_पॉझिटिव्ह

रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. वह्यांची गोष्ट वाचून हसलो, कारण आमच्याकडे तेच, फक्त पिशव्यांत.

तुम्हा लोकांचे ठरलेले दिवस असतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १ ऑक्टोबर, नेत्यांचे वाढदिवस. एकाच रविवारी एकाच वॉर्डात तीन शिबिरं. प्रत्येकाला आकडा हवा. लाल पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५. एका दिवशी भरभरून गोळा केलं की पुढे तारखा उलटत जातात. आणि पुरुष दात्याने एकदा दिलं की तीन महिने, बाईने दिलं की चार महिने थांबायचं. म्हणजे तो सगळा वॉर्ड एकदम 'बंद'. मग येतो मे. कॉलेजं बंद, माणसं गावाला, शिबिर एकही नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांचे आईवडील आमच्या खिडकीशी उभे असतात. त्यांना मी काय सांगू, पंधरा ऑगस्टला या?

सहा क्लब आहात ना? दर दोन महिन्यांनी एकाने शिबिर घ्यावं. मे महिना ज्याच्या वाट्याला येईल त्याला माझ्यातर्फे वडापाव.

कांदेपोहे

वडापाव ओके. शाल नको.

ताडदेवचा_तात्या

@ओ_पॉझिटिव्ह, मे महिना मी घेतला असता, पण पासष्टी ओलांडली. आता माझं रक्त कुणी घेत नाही, नुसता सल्ला घेतात.

मोखाड्याची_वाट

मी मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत आहे. धागा मुंबईचा आहे, पण तुमचे क्लब जानेवारीत आमच्याकडेच येतात म्हणून लिहितो.

येणाऱ्यांची मनं चांगली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण येतात कधी? थंडी पडली, रस्ते सुकले, हुरड्याची वेळ झाली की. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत. मुंबईला पाणी देणारी वैतरणेवरची धरणं आमच्याच उशाशी आहेत. तुमच्या नळाला येतं ते आमच्या डोंगरावरून गेलेलं. असो, तो वेगळा विषय.

इथे स्वस्तात स्वस्त कामाचं नाव आहे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती नाहीतर वाळू भरायची, तोंड शिवायचं, ओढ्याच्या आडवी भिंत रचायची. दोन दिवसांचं श्रमदान. मागे पाणी तुंबतं, विहिरीची पातळी जरा टिकते, कुणी वाल लावतं, गुरं पितात. पण बांधायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओढ्याला वाहतं पाणी असताना. जानेवारीत आलात तर अडवायला काय उरतं? आणि पुढच्या पुरात तो वाहून जातो, म्हणजे दरवर्षी नवा. त्यावर संगमरवरी पाटी लावता येत नाही.

गेल्या वर्षी एक क्लब डिसेंबरअखेर आला. मी ओढा दाखवला. त्यांनी गोण्या रचल्या, कोरड्या पात्रात. फोटो छान आले.

रांगोळी_नको

मास्तर, हे वाचून गप्प झाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी असते, म्हणून आम्ही 'दिवाळीनंतर बघू' म्हणतो. त्या 'नंतर'मध्येच पाणी वाहून जातं तर.

गोरेगावची_गाय

अवांतर, पण महत्त्वाचं : रविवारी बैठक घेताय, लोकलचा मेगाब्लॉक बघितलात का?

विलेपार्ले_पूर्व

पश्चिम रेल्वेला जम्बो ब्लॉक म्हणतात.

गोरेगावची_गाय

नाव काहीही ठेवा, मी बोरिवलीला उलटी जाऊन परत आले होते गेल्या रविवारी.

कांदेपोहे

मध्य रेल्वेचा मेगा, पश्चिमेचा जम्बो. दोन संस्था, एकच प्रकल्प, दोन पाट्या. धाग्याशी पूर्ण सुसंगत.

ताडदेवचा_तात्या

हसून झालं असेल तर एक गंभीर गोष्ट. सगळे मिळून काम करत नाहीत असं नाही. आम्ही केलंय. पोलिओ.

रोटरीने १९८५ साली जगभरातून पोलिओ घालवायचा विडा उचलला. आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ पासून. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, क्लबवाले, सगळे एका कामाला. मी ग्रँट रोडच्या बूथवर बसायचो. डोस दिला की पोराच्या डाव्या करंगळीला शाईची खूण. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी. आणि दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स'. सगळ्या पोरांना डोस मिळाला तर 'पी'. कुणी झोपलंय, कुणी मामाकडे गेलंय, कुणाची आजी नको म्हणाली, तर 'एक्स'. आम्ही 'पी'च्या घरांकडे बघायचोच नाही. परत जायचं ते 'एक्स'ला. एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक 'एक्स' होता, चार दिवस चढलो. शेवटी त्या आजींनी आधी मला लिमलेटची गोळी खायला लावली आणि मग नातवाला डोस दिला.

देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये, हावड्याला. २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र. त्यावर एकट्या कुठल्या क्लबची पाटी आहे?

तुमच्या बैठकीत सगळे आपापले 'पी' सांगणार. विलेपार्लेकर, त्यांना 'एक्स' विचारा.

मिसळ_कमी_तिखट

तात्या, हा प्रतिसाद मात्र आवडला. माघार नाही घेत, पण आवडला.

खडूफळा

'एक्स' विचारा. +१

शून्य_ताळेबंद

+१. आणि 'एक्स'वर परत कोण जाणार, त्याचं नाव लिहा. पदाचं नाही, माणसाचं. पद ३० जूनला मरतं.

विलेपार्ले_पूर्व

(तीन आठवड्यांनी)

झाली एकदाची. उशीर झाला लिहायला, माफ करा.

खुर्च्या गोल मांडल्या. दोन अध्यक्षांना कुठे बसावं कळेना, ते दाराशीच उभे. पुष्पगुच्छ बंद असं आधी कळवलं होतं, तरी एकाने आणला. तो शाळेच्या शिपाईमामांना दिला. जम्बो ब्लॉक होताच, त्यामुळे अर्धे लोक पाऊण तास उशिरा.

नियम एकच ठेवला. प्रत्येक क्लबने आधी फसलेला एक प्रकल्प सांगायचा, मग बाकीचं. सांगितलं आणि जी शांतता पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. पंखा किरकिरतोय तेवढाच आवाज. सगळे मोबाइल बघायला लागले. शेवटी कॉलेजच्या क्लबमधली एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, आम्ही जुलैत चाळीस झाडं लावली. मेमध्ये गेलो तर पिंजरे होते, झाडं नव्हती. एका पिंजऱ्यात कुणीतरी चपला ठेवल्या होत्या." लोक हसले, आणि बांध फुटला.

मग सगळ्यात जुन्या क्लबचे ज्येष्ठ सदस्य बोलले. त्यांनी शिलाई मशीनं वाटली होती. दोन वर्षांनी सहज चौकशी केली तर बहुतेक बायकांनी विकलेली. एका बाईने तोंडावर सांगितलं, "दादा, मशीन दिलीत, पण शिवायला काम कुठंय? सगळा माल तयार येतो." त्यांनी हे त्यांच्या क्लबात आजवर सांगितलं नव्हतं म्हणे. त्या वर्षी त्या प्रकल्पाला पारितोषिक मिळालं होतं ना.

खडूफळा ताईंच्या म्हणण्याप्रमाणे एका शिक्षिकेला बोलावलं होतं. त्या दहाच मिनिटं बोलल्या. वह्या फेब्रुवारीत द्या, आणि पोरांना मैदानात उभं करू नका. रांगोळी_नको ताई स्वतः आल्या होत्या. त्यांना पहिली वीस मिनिटं दिली आणि घड्याळ मी लपवलं.

फळ्यावर यादी केली. ठिकाण, वस्तू, वर्ष, चालू की बंद. सतरा ठिकाणं निघाली, त्यातल्या नऊवर 'एक्स'. प्रत्येक 'एक्स'समोर माणसाचं नाव. तीन नावं मिळाली नाहीत, ती जागा रिकामीच आहे. @मिसळ, तुमचं भाकीत तेवढं खरं ठरलं.

मे महिन्याचं रक्तदान शिबिर चिठ्ठी टाकून ठरवलं. आमच्याच क्लबला आलं. @ओ_पॉझिटिव्ह, वडापाव लक्षात आहे. मोखाड्याच्या मास्तरांकडे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन क्लब मिळून जाणार आहेत. गोण्या गोळा करायला सुरुवात झालीय, माझ्या गॅलरीत सध्या दोनशे आहेत आणि बायको बोलत नाही.

भांडण झालंच. त्या तीन फिल्टरवरून. तिघांचे चांगले भाग काढून एक चालू करायचा यावर पाच मिनिटांत एकमत. पाटी कोणाची, यावर चाळीस मिनिटं. सध्या एका फिल्टरवर तीन पाट्या आहेत. पाणी येतं.

खडूफळा

पाणी येतं ना, मग तीस पाट्या लावा.

मोखाड्याची_वाट

गोण्यांची तोंडं शिवायला सुतळी आणि दाभण आणा. इथे ऐनवेळी मिळत नाही. गावातले पंधरा जण तयार आहेत.

मिसळ_कमी_तिखट

त्या तीन रिकाम्या जागांपैकी एखादी अंधेरी पूर्वेला आहे का? माझ्या ऑफिसच्या वाटेवर असेल तर महिन्यातून एकदा डोकावेन. सभासद होणार नाही. ब्लेझर तर नाहीच.

विलेपार्ले_पूर्व

आहे. व्यक्तिगत निरोप केलाय.

कांदेपोहे

सगळं वाचलं. मेन्यूचा उल्लेख शोधून शोधून थकलो.

विलेपार्ले_पूर्व

मुद्दाम टाळला होता. खर्च वाचावा म्हणून ठरलं, प्रत्येक क्लबने घरून एक पदार्थ आणायचा. कोणी काय आणायचं ते ठरवायचं राहून गेलं. चार क्लबांनी गुलाबजाम आणले.